जोतिबाखालची मखमल

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात बसून पटाशीला धार लावत होतो. सकाळचे साडेनऊ झाले असतील. फोन सुमननं, माझ्या बायकोनं, घेतला. पलीकडं तिची धाकटी बहीण वंदना होती. सुमन मटकन पायरीवर बसली आणि म्हणाली, 'वंदीचे मालक गेले…' मी पटाशी खाली ठेवली. माणूस गेल्यावर आपल्याला पहिल्यांदा काय वाटलं हे सहसा कुणी खरं सांगत नाही. मी सांगतो. मला वाटलं, हा गडी यातही माझ्या पुढं गेला. मी त्याच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, छातीत दोन स्टेंट, अंगात साखर. रांगेत नंबर माझा होता. आणि तो गेला तोही कसा, तर आंघोळ करून, देवांची पूजा करून, सासूबाईंच्या हातावर तीर्थ घालून, चहाचा रिकामा कप खाली ठेवून. दवाखाना नाही, अंथरूण नाही, कुणाला पाणी द्यायला लावणं नाही. दिवसभर येणारा-जाणारा एकच म्हणत होता, पुण्यवान माणूस. मलकापूर रस्त्यावरच्या कुठल्या कुठल्या गावांतून माणसं आली होती. डोक्यावर पदर घेतलेल्या म्हाताऱ्या भिंतीला धरून रडत होत्या. मी एकतीस वर्षं शिकवलं, माझ्या वेळी यातली निम्मी तरी येतील का, याचा हिशेब मी कोपऱ्यात उभा राहून करत होतो. गेलेल्या माणसावरही जळता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

दत्ता माझा साडू. त्याची वंदना आणि माझी सुमन या सख्ख्या बहिणी, माहेर जयसिंगपूर. ज्यांना साडू आहे त्यांना वेगळं काही सांगायला नको. ज्यांना नाही त्यांनी एवढं समजावं, की हे नातं दोन माणसं स्वतःहून जोडत नाहीत. त्यांना पंगतीत शेजारी शेजारी बसवलं जातं आणि मग जन्मभर त्यांची उंची मोजली जाते. मी मोठा जावई, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकामाचा निदेशक, कडक इस्त्रीचा शर्ट. तो एसटीत कंडक्टर, कोल्हापूर-मलकापूर गाडीवर. तसं पाहिलं तर तुलना व्हायचं कारणच नव्हतं. जयसिंगपूरला गेलं की मला सोप्यातली, म्हणजे बाहेरच्या खोलीतली, खुर्ची मिळायची, कोरा टॉवेल मिळायचा, 'मोठं पावणं, आणि एक पोळी घ्या की' असा आग्रह व्हायचा. दत्ता मात्र चपला काढल्या की सरळ स्वयंपाकघरात जाऊन शेंगा फोडत बसायचा. आतून सासूबाईंच्या हसण्याचा आवाज यायचा. मी खुर्चीत बसून सासऱ्यांशी ज्वारी-तुरीबद्दल बोलायचो आणि कान आत लावायचो. इतक्या वर्षांत सासूबाई माझ्यासमोर तशा एकदाही हसल्या नाहीत.

तो मला दाजी म्हणायचा. साडूनं साडूला दाजी म्हणायचं काही कारण नाही, पण वंदना म्हणते म्हणून तोही म्हणायचा. त्यात खरा आदर होता आणि तोच मला खुपायचा, कारण भांडायला जागाच मिळायची नाही. माझ्याकडं एकच गोष्ट अशी होती जिच्यात दत्ताला पाऊल टाकता येत नव्हतं… लाकूड. त्याला भिंतीत खिळासुद्धा सरळ मारता यायचा नाही. त्यांच्या घरातला पाट मोडला, दाराची कडी निखळली, की वंदना मला फोन करायची आणि मी दत्ता घरी असेल अशीच वेळ बघून हत्यारांची पेटी घेऊन जायचो. तो हात मागं बांधून उभा राहायचा आणि म्हणायचा, तुमच्या हातात जादू हाय दाजी. ते वाक्य मी आठवडाभर चघळायचो. तो निवृत्त होईपर्यंत हे सगळं छान चाललं होतं.

निवृत्तीनंतर त्याच्या मुलीनं पुण्याहून त्याला एक मशीन पाठवलं. हातात धरून चालवायचं, मनगटाएवढं जाड, टोकाला बारीक बिट, म्हणजे कोरायचं पातं, गरगर फिरणारं. दाताच्या डॉक्टरकडं असतं त्याचा थोरला भाऊ म्हणा. मी बघितलं आणि म्हटलं, खेळणं आहे. सहा महिने तो त्याच्यावर नारळाच्या करवंट्या कोरत बसला तेव्हा मी मनापासून हसून घेतलं. मग त्यानं त्या मशीनला लावायची राउटरची, म्हणजे लाकडात खाचा पाडायची, बैठक मागवली. ही बैठक म्हणजे प्लास्टिकचं एक छोटं स्टूलच. मशीन त्यात खाली तोंड करून उभं बसतं. एक स्क्रू फिरवला की बिट लाकडात किती खोल जाणार ते ठरतं, आणि बाजूची पट्टी लाकडाच्या कडेला टेकवली की खाच सरळ जाते. बस्स, एवढंच. पण हातानं पटाशी मारून खाचेचा तळ सपाट काढायला मला चार वर्षं लागली होती. अंगठ्याच्या बुडाशी त्याच्या खुणा अजून आहेत. दत्ताला तो तळ दुपारच्या जेवणाआधी मिळाला.

मी स्वतःची समजूत घातली, की सगळं मशीन करतं. ते खोटं होतं आणि मला ते माहीत होतं. या छोट्या मशीनमध्ये जोर नसतो. एका दमात खोल जाऊ म्हटलं तर ते चीत्कारतं, लाकूड जाळतं, काळं करतं. मिलिमीटर मिलिमीटरनं उतरावं लागतं, आणि बिट ज्या अंगानं फिरतं त्याच्या उलट अंगानं, एका चालीनं रेटावं लागतं. थांबलात की डाग, घाई केलीत की उडी. मोठमोठ्या कारागिरांचा हात इथं हलतो. दत्ताचा हलायचा नाही. त्यानं उमर घालवली होती मलकापूरच्या रस्त्यावर, खचाखच भरलेल्या गाडीत कशाला न धरता उभं राहून तिकिटं फाडण्यात. पाय फाकलेले, कोपर बरगडीला टेकलेलं, खांदे सैल. जिन्याखालच्या त्या चिंचोळ्या खोलीत तो टेबलासमोर तसाच उभा राहायचा. कंडक्टरची जुनी चामडी पिशवी त्यानं खिळ्याला अडकवली होती आणि चिल्लर ठेवायच्या कप्प्यांत मापाप्रमाणं बिटं ठेवली होती. न बघता हात घालून पाहिजे ते बिट काढायचा. मी शिकवून शिकवून थकलो तरी माझ्या एकाही विद्यार्थ्याला हत्यार असं नीट ठेवता आलं नव्हतं.

वर्षभरात त्यांच्या गल्लीतल्या प्रत्येक दारावर दत्तानं केलेली नावाची पाटी लागली. मग शेजारच्या गल्लीत. मग एका दिवाळीला तो फराळाचा डबा घेऊन आमच्याकडं आला आणि पिशवीतून माझ्या नावाची पाटी काढली. अक्षरं सुबक होती, कडेची वेल एका रेषेत होती. सुमननं माझ्याकडं न बघता शेजाऱ्याकडून ड्रिल मागून आणलं. सुतारकामाच्या निदेशकाच्या दारावर कंडक्टरनं कोरलेली पाटी… आजही आहे. मी त्या दारातून जाताना वर बघत नाही.

आता देवांचं सांगायला हवं, कारण सगळं तिथं येऊन अडलं. सासऱ्यांना मुलगा नव्हता. ते गेल्यावर घरचे देव रीतीप्रमाणं भावकीत जायचे, पण सासूबाईंचं भावकीत कुणाशी पटत नव्हतं. त्यांनी जाहीर केलं, देव माझ्या लेकीकडं ऱ्हातील. कोणत्या लेकीकडं ते सांगितलं नाही. मी धरून चाललो, की थोरलीकडं. धरून चालायला कारणही होतं. सासऱ्यांनी जाण्याआधी आपल्या दुकानाच्या छपराचा जुना सागवानी वासा मला दिला होता आणि म्हणाले होते, ह्याचा देव्हारा करा. मी कामाला लागलो. चार खांब, खांबांना कमळं, वर महिरप, महिरपीवर मोर, सगळं हातानं. काम मला घाईनं जमत नाही. पहिली दोन वर्षं खांबांत गेली. एक मोर मनासारखा उतरला नाही म्हणून महिरप पुन्हा केली. सासूबाई विचारायच्या, मी म्हणायचो, येत्या दसऱ्याला. असे किती दसरे गेले ते सुमनला विचारा.

दरम्यान सासूबाईंचे हात थरथरायला लागले, नजर अधू झाली आणि वंदना त्यांना कोल्हापूरला आपल्या घरी घेऊन आली. सोबत लाल फडक्यात बांधलेले देव आले, माझा देव्हारा होईपर्यंत म्हणून. देव म्हणजे पाच टाक. चांदीच्या पत्र्यावर ठसा उमटवलेले, बोटभर उंचीचे: जोतिबा, अंबाबाई, खंडोबा आणि घरातले दोन पूर्वज. ते ताम्हणाला टेकवून उभे करायचे. सासूबाई गंध लावायला गेल्या की थरथरत्या बोटाचा धक्का लागून रोज एक तरी टाक पडायचा. देव पडला म्हटल्यावर म्हातारीचा सगळा दिवस नासायचा. काय चुकलं माझं, म्हणत बसायच्या, जेवायच्या नाहीत. हे मला कळलं तेव्हा मी म्हणालो, देव्हारा होतच आलाय.  दत्ता चार दिवस रोज सकाळी सासूबाईंच्या शेजारी बसून नुसता त्यांचा हात बघत राहिला. चार दिवसांत त्यानं जे पाहिलं ते मला देव्हारा करण्यात गेलेल्या अकरा वर्षांत दिसलं नव्हतं. देवांना मोर नको होता. पडणार नाही अशी जागा हवी होती.

त्यानं ठरवलं, की एक पाट करायचा, मागं जरा उंच, पुढं उतरता, आणि त्यात प्रत्येक टाकासाठी त्याच्याच आकाराची खाच कोरायची, म्हणजे टाक त्यात निजल्यासारखा बसेल. मलकापूरकडच्या कुणा जुन्या प्रवाशानं त्याला फणसाची पिवळीधमक फळी आणून दिली. एका दुपारी मी सहज म्हणून गेलो. खरं तर सुमनकडून कानावर आलं होतं आणि मला बघायचंच होतं. जिन्याखाली भिंतीला कागद चिकटवले होते, प्रत्येकावर एकेका टाकाची पेन्सिलीनं काढलेली बाह्यरेषा. प्रत्येक आकाराच्या पोटाशी त्यानं एक अर्धगोल काढला होता. हे काय म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, टाक खाचेत गच्च बसला तर आईंना उचलता कसा येणार, तेवढ्यासाठी अंगठ्याला जागा ठेवलीय. सासूबाईंचा अंगठा शाईत बुडवून त्यानं कागदावर उठवून घेतला होता, त्या मापाची. मी त्या शाईच्या ठशाकडं बघत उभा राहिलो. एवढी वर्षं लाकडात काढून मला हे कधीच सुचलं नसतं, हे मला तिथल्या तिथं कळलं. 

तेवढ्यात त्यानं मशीन उचललं, नवं बिट घातलं आणि विचारलं, 'दाजी, बिट पार तळाला टेकवूनच नट आवळायचा न्हवं?'

हा प्रश्न काय आहे ते सांगतो. बिट धरणाऱ्या चिमटीत बिट तळाला टेकवून नट आवळला, तर नट गच्च वाटतो पण पकड खोटी असते. काम सुरू झालं की बिट केसाकेसानं बाहेर सरकतं, आणि वरून काही न दिसता खाच खोल खोल जात राहते. म्हणून बिट तळाला टेकवायचं, मग कागदाच्या जाडीएवढं वर उचलायचं आणि मग आवळायचं. राउटरच्या पहिल्या दिवशी पहिलं वाक्य मी हे सांगायचो. एकतीस वर्षं सांगितलं. त्या दुपारीही ते माझ्या जिभेवर तयार होतं. समोर तो शाईचा अंगठा होता.

'व्हय,' मी म्हणालो. 'टेकव आणि आवळ गच्च.'

आणि चहासुद्धा न घेता घरी आलो.

चौथ्या दिवशी दत्ता माझ्या दारात उभा. चेहऱ्यावर काही नाही. म्हणाला, देव्हाऱ्याच्या वाश्यातला बोटभर तुकडा असला तर द्या, आणि एखादी अरुंद पटाशी. कशाला, हे मी विचारलं नाही. कारण मला माहीत होतं, किंवा निदान अंदाज होता. काहीतरी बिघडलंय, एवढ्यानं मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी मोठेपणानं तुकडा दिला, पाव इंची पटाशी दिली, वर ती धरायची कशी हेही दाखवलं. अंगठा पात्याच्या मागं, जोर खांद्यातनं. तो लक्ष देऊन बघत होता. जाताना दारावरच्या पाटीकडं बघून म्हणाला, जरा तेल द्यायला झालंय, पुढच्या वेळी आणतो.

पाट एका रविवारी झाला. जोतिबाचा वार म्हणून त्यानं रविवार धरला होता. आम्ही दोघं गेलो. मी तो पाट बघितला आणि मला जे बिघडलेलं दिसायला हवं होतं ते कुठंच दिसेना. पाच खाचा, कडा सुरीनं कापल्यासारख्या, तळाला लाल मखमल चिकटवलेली, टाक त्यात असे बसलेले की जणू लाकडातूनच उगवलेत. सासूबाईंना चौरंगासमोर बसवलं. दत्तानं त्यांचा हात धरून अंगठा खाचेत ठेवला. त्यांनी स्वतः जोतिबा उचलला, कपाळाला लावला आणि चाचपडत परत ठेवला. टाक आपल्या जागी गेला. हात थरथरत होता, टाक हलला नाही. दुसऱ्यांदा उचलला, ठेवला. तिसऱ्यांदा. मग त्या रडायला लागल्या आणि रडता रडता हसायला लागल्या, तेच ते स्वयंपाकघरातलं हसणं. म्हणाल्या, 'आता द्येव हितंच ऱ्हाऊंदेत. मोठ्या पावण्याचा देव्हारा हुईल तवा हुईल.'

त्या काही टोचून बोलल्या नव्हत्या. सुमनच्या डोळ्यांत पाणी होतं. माझे देव गेले होते, आणि ते एका करवंट्या कोरणाऱ्या कंडक्टरनं पंधरवड्यात नेले होते. मी गप्प बसायला हवं होतं. पण मी पाट हातात घेतला, मखमलीवरनं बोट फिरवलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, मखमल सोनाराच्या डबीत असते. लाकडाच्या कामात मखमल लागते ती तळ खरबरीत राहिला तर झाकायला. वंदनाचा चेहरा उतरला. दत्ता हसला. 'व्हय की दाजी,' म्हणाला, 'तुमच्या नजरंतनं काय सुटतंय?'

त्यानंतरची सहा वर्षं मी त्या घरी गेलो की देवाला लांबून नमस्कार करायचो. देव्हारा माळ्यावर गेला, जुन्या चादरीखाली. मोर एकच आहे, दुसरा झालाच नाही. दत्ता दर वेळी विचारायचा, दाजी, कुठवर आलं काम? मी म्हणायचो, चाललंय. तो पुन्हा त्या पाटाचा विषय काढायचा नाही, पटाशी त्यानं धार लावून परत केली, पाटीला तेल देऊन गेला. मला वाटायचं, हा जिंकलाय आणि जिंकल्याचं दाखवतही नाही, म्हणजे हा किती पोचलेला असेल. असा विचार करणारा माणूस सुखानं जेवत नाही. मी नाही जेवलो.

दत्ता गेल्याच्या तिसऱ्या दिवशी पंचगंगेवर राख सावडायला गेलो होतो. दत्ताच्या गाडीवरचे जुने ड्रायव्हर शंकरराव माझ्याशेजारी पायरीवर बसले. दत्ताचं बघून त्यांनीही तसलंच मशीन घेतलं होतं, दोघं मिळून पाट्या करायचे. ते म्हणाले, 'तुम्ही त्यास्नी चांगलं शिकिवलं. बिट तळाला टेकिवलं की कागदाएवढं वर उचलायचं, मगच आवळायचं. मला धा बारी सांगितलं आसंल. दाजींनी शिकिवलंय, म्हणायचे.' मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. मी तसं शिकवलं नव्हतं. मी नेमकं उलटं सांगितलं होतं. पण त्या वेळी घाटावर गडबड होती, भटजी हाका मारत होते, आणि मी मनाशी म्हटलं, लोकांसमोर माझी स्तुती करायची त्याची खोडच होती, त्यातलंच हे.

त्या घरात सुतक, पूजा कुणी करायची? सासूबाईंनीच सांगितलं, तेरावं होईपर्यंत देव मोठ्या पावण्याकडं न्या. असे ते देव शेवटी माझ्या घरी आले. वंदनानं पाट माझ्या हातात देताना म्हटलं, 'दाजी, मखमल तेला-पाण्यानं पार गेलीया. ह्यांच्या मनात बदलायची होती… तुमच्याकडं हाय तवर तुम्ही बदला.' मी घरी आल्या आल्या माळ्यावरनं देव्हारा उतरवला, पुसला, आणि पाट बाजूला ठेवून पाचही टाक माझ्या कमळांच्या मधे उभे केले. एवढ्या वर्षांची हौस. दुसऱ्या दिवशी सकाळी सुमननं फूल वाहिलं आणि जोतिबा तोंडावर पडला. मी उचलून टेकवला. पुन्हा पडला.  सुमननं पाट आणला, टाक एकेक करून त्यात बसवले आणि तो पाट देव्हाऱ्यासमोर खाली जमिनीवर ठेवला.

बाराव्या दिवशी दुपारी मी मखमल काढायला बसलो. टाक ताटात काढून ठेवले. पहिल्या खाचेतली मखमल कोमट पाण्यानं भिजवून सोलली. तळ बघितला आणि बोट फिरवलं. आरशासारखा. खरबरीतपणाचं नाव नाही. दुसरी खाच तशीच, तिसरी तशीच, चौथी तशीच. या तळांना मखमलीची काही गरज नव्हती. पाचवी जोतिबाची. तिथली मखमल निघाली आणि पिवळ्या फणसात काळपट सागवानाचं एक ठिगळ दिसलं, बोटभर लांब. एका टोकाला निमुळतं, दुसऱ्या टोकाला रुंद. तो वासा मी झोपेतही ओळखेन. बिट केसाकेसानं सरकत कुठून कुठवर खोल गेलं, ते त्या ठिगळाच्या आकारावरून मला वाचता येत होतं. ठिगळ पटाशीनं बसवलं होतं, मी दाखवली होती तशी धरून. कडेला नख घालून बघितलं. नख गेलं नाही. एकतीस वर्षांत माझ्याकडून शिकून गेलेल्या कुणाचंही काम मी या शेजारी ठेवणार नाही.

म्हणजे मखमल एका खाचेसाठी होती. एकाच खाचेत घातली असती तर कुणीतरी विचारलं असतं, म्हणून त्यानं पाचही खाचांत घातली. आणि मी सगळ्यांसमोर तिच्यावरून त्याला बोललो तेव्हा त्याच्या ओठावर एकच वाक्य यायला हवं होतं, की दाजी, तुम्हीच सांगितलं होतं. ते आलं नाही. सहा वर्षं आलं नाही. उलट जे शिकायचं ते त्या खड्ड्याकडून शिकला आणि नाव माझं लावलं.

तेव्हापासून मी एकच गोष्ट घोळवत बसलोय. त्याला कळलं होतं का? की मोठ्या माणसाकडूनही चुकतं, असं समजून त्यानं सोडून दिलं? जिन्याखाली मी फणसाचे तुकडे पडलेले बघितले होते. त्यातलाच एक लावला असता तर ठिगळ दिसलंही नसतं. मग माझ्या दारात येऊन सासऱ्यांचा वासाच का मागितला? मला कळावं म्हणून? की ज्या लाकडावर देव बसायचे होते त्याचा निदान बोटभर भाग तरी जोतिबाखाली असावा म्हणून? मी त्याला टोमणा म्हणून बघतो, मग माया म्हणून बघतो. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. बहुतेक तो टोमणा नव्हता, आणि या गोष्टीचा मला अजून हेवा वाटतो. लाकडात त्यानं मला गाठलं ते मशीननं, असं मी म्हणत आलो. हे गप्प राहणं कुठल्या मशीननं येतं?

तेराव्याला पाट परत दिला. नवी मखमल, लालच. वंदनानं टाक बसवले आणि आईच्या हाताशी पाट नेला. मी तेव्हा बोलणार होतो. माणसं होती, पानं वाढायची होती… नाही बोललो. घरातही कुणाला सांगितलेलं नाही. मला समोरासमोर जमणार नाही हे ओळखून हे पेपरच्या रविवारच्या पुरवणीसाठी लिहितोय. सासूबाईंना आता दिसत नाही. रविवारी पूजा झाली की दत्ता त्यांना ती पुरवणी वाचून दाखवायचा, आवाज काढून काढून, आणि त्या हसायच्या. आता वंदना वाचते. आजही वाचत असेल.

वंदना, इथं थांब. पुढचं आईंना मोठ्यानं वाचायचं की नाही, ते तू ठरव. जोतिबाचा टाक उचल; अंगठ्याला जागा आहे. बाकी चार खाचांतली मखमल मी सरस लावून चिकटवली आहे. त्याच्या खालची नुसती ठेवली आहे. ती बाजूला कर आणि बघ, मग टाक परत बसव. मी दुपारी येतो. सोप्यात खुर्ची मांडू नकोस.